एकशे सतरा नंबरची टेप

बाईंचा उजवा पाय कधी स्वस्थ बसत नसे. दवाखान्यात नंबर लावून बसल्या असोत की बसमध्ये खिडकीची जागा मिळालेली असो, चप्पल किंचित पुढे सरकायची, टाच टेकायची आणि चवडा खाली दाबला जायचा. चवडा दाबला की टेप पुढे. सोडला की थांबली. टाचेने रेटलं की चार शब्द मागे. पायाखालचं ते यंत्र कचेरीतून जाऊन चार वर्षं झाली होती, पण पायाला तसं कुणी कळवलं नव्हतं.

कचेरीचं खरं नाव लांबलचक होतं. सगळे तिला आठवणी विभाग म्हणत. जुन्या संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत कपाटं, दुसरीत बाई. चौतीस वर्षांपूर्वी संस्थेच्या मनात आलं, की जुने धंदे बुडत चालले आहेत, ते करणारी माणसं हयात आहेत तोवर त्यांच्या आठवणी गोळा करून ठेवाव्यात. मग एक साहेब खांद्याला रेकॉर्डर लटकवून गावोगाव हिंडू लागले. खाणीतले, होडीवरचे, दगड घडवणारे, दीपगृहात दिवा सांभाळणारे, दोरखंड वळणारे, सुइणी. साहेब टेप आणून देत आणि बाई कानाला हेडफोन लावून, पायाने टेप चालवत-थांबवत ती टाइप करत. सहा वर्षांत दोनशे बारा माणसं झाली.

ही सगळी माणसं इंग्रजीच बोलत. ती त्यांची घरची भाषा. पण मुलूख बदलला की बोलायची रीत बदले, आणि नुसते उच्चार नव्हेत, व्याकरणसुद्धा. खाडीपलीकडचे लोक 'आम्ही होतो' यासाठी 'वी वेअर' न म्हणता 'वी वॉज' म्हणत. डोंगराकडचा माणूस 'मी कधीच कुणाला काही बोललो नाही' हे सांगताना एका वाक्यात तीन नकार घाली, 'आय नेव्हर सेड नथिंग टू नोबडी'. आपल्या कानाला त्यात काही वावगं वाटणार नाही, पण पुस्तकी इंग्रजीत एका नकारावर दुसरा चालत नाही. बेटावरच्या दिवेवाल्याला 'आत्ताच दार लावलं' असं सांगायचं असलं की तो म्हणे, 'आय अ‍ॅम आफ्टर शटिंग द डोअर'. सपाटीकडच्या बायका 'शी गोज'चं शेपूट तोडून नुसतं 'शी गो' म्हणत. कुठे समोर एक माणूस असला तर 'यू' आणि चारजण असले तर 'यूज'. या चुका नव्हत्या. जो तो आपल्या आईकडून उचललेल्या नियमाने बोलत होता, आणि आपापल्या मुलखात तो नियम पक्का होता. पण त्या वयात बाईंना हे कुणी सांगितलं असतं तरी त्यांनी मानलं नसतं.

कारण बाई स्वतः खाडीपलीकडच्या. अठराव्या वर्षी शहरात टायपिंगच्या वर्गाला आल्या, पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारलं, उशीर का झाला. त्यांनी उत्तर दिलं आणि पूर्ण वर्ग हसला. त्यांना वाटलं आपली ओढणी कुठे अडकली की काय, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. हसण्याचं कारण कळायला दुपार झाली. त्यानंतर वर्षभर बाई कमी बोलल्या आणि जे बोलल्या ते आधी मनात टाइप करून. वर्षाअखेर त्यांच्या बोलण्यावरून त्या कुठल्या हे कुणाला ओळखता येईना. मास्तरांना तर त्या शहरातल्याच वाटू लागल्या.

टेप ऐकून टाइप करताना बाई तेच करत. कानात 'वी वॉज' आलं की बोटांतून 'वी वेअर' उतरे. तीन नकारांतले दोन गळत, तुटलेलं शेपूट परत लागे. त्या ते ठरवून करत होत्या असं नाही. वाकडी उशी दिसली की आपण जाता जाता सरळ करतो, तसं. कुणी दुरुस्त करा म्हणालं नव्हतं, करू नका असंही म्हणालं नव्हतं. संस्थेला धंद्यांची माहिती हवी होती. ती पूर्ण उतरे. संचालक पानं चाळून म्हणत, "तुमच्या पानावर बोट ठेवायला जागा नसते." शिपायाने त्यांचं नाव खोडरबर ठेवलं. बाईंना ते बढतीसारखं वाटलं.

आणि एक रीत होती. कॅसेटी साठच होत्या, नव्या मागवल्या की अर्ज टेबलाटेबलावर फिरत राही. म्हणून टाइप झालं, संचालकांची सही झाली, की कॅसेट पुसून साहेबांना परत द्यायची. पुसायला एक चौकोनी डबा होता, आत चुंबक. बटण दाबलं की तो मधमाश्यांसारखा घुमे. त्यावर कॅसेट तीनदा गोल फिरवायची आणि हळूहळू दूर न्यायची. तेही काम बाईंकडेच. दोनशे बारा वेळा त्यांनी ते केलं.

त्या काळात आवाज येत नसत. ते यायला लागले यंत्र भंगारात गेल्यावर.

पहिला आला तो दगड घडवणारा. बाई नळाखाली बादली भरत होत्या आणि पाण्याच्या आवाजातून तो नेहमीच्या सावकाशीने म्हणाला, की मी कधीच कुणाला काही बोललो नाही. तीन नकारांसह. बाईंनी नळ बंद केला. बादली अर्धीच राहिली. मग जिन्यात दिवेवाला भेटला, नुकतंच दार लावून आलेला. मग बँकेच्या रांगेत सपाटीवरची सुईण. कुणी तक्रार करत नसे, कुणी जाब विचारत नसे. आपापलं एक वाक्य, त्यांनी जसं उच्चारलं होतं तसं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, आणि मग गप्प. भुतं म्हणावीत तर त्यांतली काही अजून जिवंत असण्याचा संभव होता.

बाई कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. त्याने कानात दिवा घालून पाहिलं, घंट्या वाजवल्या आणि म्हणाला, "कान ठणठणीत आहेत. तुमच्या वयाच्या मानाने जरा जास्तच ऐकू येतंय."

"तेच सांगायला आले होते," बाई म्हणाल्या.

निवृत्तीला आठ महिने उरले होते तेव्हा संशोधन करणारी मुलगी आली. शिपायाने दारातूनच वर्दी दिली, "बाई, पीएचडी आलीय. चहा किती सांगू, दोन की तीन?"

"तिसरा कुणाला?"

"मला कोण विचारणार, म्हणून मीच मोजलं."

मुलगी चोवीस-पंचवीसची, पाठीवर पिशवी, बोलण्यात घाई. इंग्रजीच्या निरनिराळ्या बोलींत व्याकरण कसं बदलतं, हा तिचा विषय. दोनशे बारा माणसं, सगळ्या मुलखांतली, शब्दशः उतरवून ठेवलेली आहेत, हे तिला कुठल्याशा यादीत सापडलं होतं. "शब्दशः" हा शब्द संस्थेने पहिल्या पानावर छापला होता. तिने टेबलावर सात रंगांच्या पेन्सिली टोक करून मांडल्या. दुहेरी नकाराला लाल, 'वी वॉज'ला निळा, तुटलेल्या शेपटाला हिरवा, असं प्रत्येक लकबीला एकेक रंग.

तीन आठवडे ती वाचत होती. बाई समोर बसून जुन्या पानांची यादी करत होत्या आणि तिरप्या नजरेने पेन्सिलींकडे पाहत होत्या. टोकं जशीच्या तशी राहिली.

एका दुपारी मुलीने फाइल मिटली आणि खुर्ची मागे ढकलली.

"बाई, तुमच्याकडची सगळी माणसं एकाच शाळेतून पहिल्या वर्गात पास झालीत."

बाईंनी यादीत पुढचा नंबर लिहिला.

"मला आधी वाटलं माझंच काही चुकतंय. मग लक्षात आलं, हाच तर शोध आहे. सगळे धरून चालतात की या बोली दहा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होत्या. पण तुमची पानं सांगतात, त्या तीस वर्षांपूर्वीच मेल्या होत्या. खाणीतला म्हाताराही पुस्तकासारखा बोलतोय. रेडिओमुळे असेल, शाळांमुळे असेल. माझे सर तर उडालेच ऐकून. म्हणाले, प्रकरण पूर्ण कर, वीस तारखेला छापायला देऊ."

"छापायला," बाई म्हणाल्या.

"तुमचं नाव घालणार आहे मी आभारात. सगळ्यात वर."

त्या संध्याकाळी जिना उतरताना आवाज एकेक करून आले नाहीत. सगळे एकदम आले. तीन मजले बाई कठड्याला धरून उतरल्या आणि सगळा वेळ ती माणसं, जी आपल्या बोलीत बोलतच नव्हती असं आता छापून येणार होतं, आपापल्या रीतीने बोलत राहिली. खाली फाटकाशी पोचल्यावर त्यांना कळलं, की या गर्दीत एक आवाज वेगळा आहे. तो एकटाच स्वच्छ होता. व्याकरणशुद्ध, पानासारखा. तो आईचा होता.

एकशे सतरा नंबर. साहेबांनी टेप टेबलावर ठेवताना म्हटलं होतं, "खाडीपलीकडची दोरखंडवाली आहे. म्हातारी भलती बोलकी. मजा येईल तुम्हाला." ती कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाई खाडीपलीकडच्या आहेत हेच कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं. बाईंनी चवडा दाबला, हेडफोनमध्ये एक खोकला आला, आणि पहिलं वाक्य सुरू व्हायच्या आत त्यांनी ओळखलं.

आई दोरखंडाच्या कारखान्यात एकतीस वर्षं होती. चारशे पावलांची लांब शेड. कमरेला तागाचा पेळू बांधायचा, एक टोक चाकाला अडकवायचं आणि मागे मागे चालत सूत सोडत जायचं. दिवसभर उलटं चालणं. आईने साहेबांना हेच सांगितलं होतं. धूळ किती उडे, हाताला भेगा कशा पडत, मुकादम कसा शिट्टी वाजवी, आणि आता म्हातारपणीसुद्धा दार उघडलं की आधी एक पाऊल मागे कसं जातं. शेवटी मुलीबद्दल दोन वाक्यं होती. साडेतीन पानं. बाईंनी ती इतरांसारखीच टाइप केली. 'वी वेअर' लिहिलं. नकार गाळले. हात थांबला नाही. थांबला असता तर तेव्हा खोलीत असलेल्या दुसऱ्या टेबलावरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं असतं. तिसऱ्या दिवशी सही झाली. त्यांनी डब्याचं बटण दाबलं आणि कॅसेट तीनदा गोल फिरवली.

त्याच वर्षी आई गेली. घरात तिच्या आवाजाची दुसरी कुठलीही खूण नव्हती.

आता घरी आल्यावर बाईंनी पिशवीतून त्या साडेतीन पानांची प्रत काढली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचली. वाचायची गरज नव्हती. आईचा आवाज पानाबरोबर चालत होता, एक स्वल्पविरामही न चुकवता. बाकी दोनशे अकरा माणसं पुसल्यावरही जशीच्या तशी परत आली होती. आई तेवढी दुरुस्त होऊन आली होती. बाईंनी डोळे मिटून खूप प्रयत्न केला. खरी आई कशी बोलायची? तो खोकला ऐकू आला. त्याच्यापुढे टाइप केलेलं पान.

त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला. तो अजून तिथेच राही, खाडीपलीकडे, कारखान्याच्या मागच्या आळीत.

"ताई? सगळं ठीक ना?" फोन आला की तो हेच विचारी.

"ठीक आहे. काही काम नाही. तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही. घरचं सांग. तुम्ही दोघं बोलता तसं."

भावाने सांगितलं. छप्पर गळत होतं ते दुरुस्त केलं, बायकोचा गुडघा बरा आहे, पलीकडच्या आळीत रस्ता खणलाय. बाई कान देऊन ऐकत होत्या. व्याकरणाची एकही चूक नव्हती.

"तू असा का बोलतोस?" त्यांनी विचारलं.

"कसा?"

"कचेरीत आल्यासारखा."

भाऊ हसला. "तुझ्याशी बोलताना जपावं लागतं, ताई. लहानपणापासून सवय आहे. तू सुट्टीला आलीस की आमचं प्रत्येक वाक्य सुधारायचीस. मी तर जेवताना बोलणंच सोडलं होतं."

"मी असं करायचे?"

"करायचीस म्हणजे? आई तर आदल्या दिवसापासून तयारी करायची. चुलीपुढे बसून एकटीच बोलून बघायची. मी म्हटलं, हे काय चाललंय, तर म्हणाली, लेक येतेय, तिला लाज वाटायला नको. तू असेपर्यंत तुझ्यासारखं बोलायची आणि तुझी बस हलली की हुश्श करून बसायची."

बाईंनी हातातलं पान ओट्यावर ठेवलं.

म्हणजे शेवटची दहा-बारा वर्षं त्यांनी आईचं जे ऐकलं ते सगळं तयारी करून बोललेलं होतं. त्या टेपवर तेवढी आई साहेबांसमोर मोकळी बोलली होती. लेक ऐकणार आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आणि लेकीने ते ऐकलं, आणि ओळ ओळ सुधारून पुसून टाकलं.

"ताई, आहेस ना?"

"आहे."

"आठ दिवस राहायला ये कधीतरी. एका दिवसात तू पाहुणीच असतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी यायच्या आधी बाई येऊन बसल्या होत्या. ती पिशवी उतरवेपर्यंतही त्या थांबल्या नाहीत.

"तुझं प्रकरण छापू नको. ही माणसं अशी बोलत नव्हती. मी ती अशी केली."

मुलीला आधी समजलंच नाही. बाईंनी समजावून सांगितलं. यादी करावी तसं, क्रमाने. काय ऐकू येई, काय टाइप होई, डबा कुठे ठेवलेला असे. मुलगी उभीच राहिली.

"दोनशे बाराच्या दोनशे बारा?"

"हो."

"एकही टेप नाही?"

"एकही नाही."

"अहो, पण का?" तिचा आवाज चढला नाही, तो उलट बसला. "तुम्हाला कल्पना आहे का? अशी माणसं आता शोधून सापडणार नाहीत. तुम्ही काही चोरलं असतं तर परत तरी मागता आलं असतं."

"मला वाटायचं मी त्यांची अब्रू झाकतेय," बाई म्हणाल्या.

मुलगी खाली बसली. बराच वेळ ती पेन्सिली पेटीत भरत होती, एकेक करून. मग हात थांबवून तिने विचारलं, "दगडवाला कसा म्हणाला होता? चौदा नंबरचा."

बाईंनी सांगितलं. तो बोलला होता त्या चालीत, मधल्या श्वासासकट. मुलीने मान वर केली.

"आणि सुईण?"

बाईंनी तेही सांगितलं.

"हे तुम्हाला सगळं आठवतं?"

"मी आठवत नाही. ते येतात."

मुलगी म्हणाली ते एवढंच, की आठवणीवर प्रबंध उभा राहत नाही, सर हे पुरावा म्हणून मान्य करणार नाहीत, तिचं वर्ष गेलं आहे. आणि मग पेटी पुन्हा उघडून तिने लाल पेन्सिल काढली. "पण सांगा. परिशिष्टात घालते. टंकलेखिकेच्या स्मरणातून, असं स्पष्ट लिहून."

सतरा दिवस हे काम चाललं. बाई डोळे मिटून बोलत, मुलगी पानावर रंग चढवत जाई. टेबलाखाली बाईंचा पाय दाबत आणि सोडत होता. शिपाई दारात येऊन थबकला की त्याला खोलीत पाचसहा माणसं बसल्याचा भास होई. "खोडरबर उलटं चालायला लागलं," तो एकदा म्हणाला, पण मुलीने वर पाहिल्यावर चहा ठेवून निघून गेला.

पहिल्याच आठवड्यात बाईंच्या लक्षात आलं, की ज्याचं लिहून झालं तो पुन्हा येत नाही. नळाखाली आता नुसतं पाणी पडे. जिना रिकामा होता. एकेक जण आपलं वाक्य देऊन निघून जात होता आणि घर हळूहळू शांत होत होतं. त्या शांततेत आईचं स्वच्छ बोलणं जास्तच ऐकू येई. भांडी घासताना ती शेडची लांबी सांगे. दिवा लावला की मुकादमाची शिट्टी. साडेतीन पानं संपली की खोकला, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून.

एकशे सतरा नंबरची फाइल बाईंनी दोनदा मागे टाकली. तिसऱ्यांदा ती शेवटची राहिली.

"ही तर खाडीपलीकडची," मुलगी म्हणाली. "तिकडचे नियम सोपे आहेत. 'वी वॉज' येणारच."

बाईंनी पान पुढे ओढलं. स्वतःच पेन्सिल घेतली. 'वेअर' खोडून वर 'वॉज' लिहिलं आणि वाक्य मोठ्याने वाचलं. त्यांच्या तोंडून ते नकलाकाराने काढल्यासारखं आलं. वर्गातली मुलं हसली होती ते अशाच आवाजाला, असं त्यांना वाटून गेलं. दुसऱ्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि त्या तशाच बसून राहिल्या.

"सगळीकडे 'वॉज' नसेलही," मुलगी हळूच म्हणाली. "माणसं मिसळून बोलतात. एकदा असं, एकदा तसं. समोर परका असला की आणखी वेगळं. या बाई नेमक्या कुठे काय म्हणाल्या, ते येतंय का?"

"नाही."

"इतर सगळे येतात."

"ही माझी आई आहे."

मुलीने पेन्सिलीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"अंदाजाने लिहू शकते मी," बाई म्हणाल्या. "कुणाला कळणार नाही. तुलाही कळणार नाही. पानंही सुंदर होतील. पण एकदा तिचं बोलणं मी माझं केलं. आता माझ्या अंदाजाने तिला गावंढळ करू? तेही माझंच होईल."

त्यांनी लिहिलेलं 'वॉज' खोडलं. पानाच्या कडेला निळ्या शाईने, टाइप केल्यासारख्या अक्षरांत लिहिलं, 'या पानावरचे शब्द बोलणाऱ्या बाईंचे नाहीत. टंकलेखिकेचे आहेत.' खाली सही केली, तारीख घातली. मुलीने ती फाइल परिशिष्टातून काढून वेगळी ठेवली.

सही केल्यावर खरा आवाज येईल, अशी बाईंना कुठेतरी आशा होती. आला नाही. घरी गेल्यावर खोकला आला, शेडची लांबी आली, सगळं शुद्ध. त्यांनी रजेचा अर्ज दिला आणि भावाकडे गेल्या. आठ दिवस म्हणाला होता. त्यांनी पंधरा घेतले.

पहिले दोन दिवस भाऊ आणि वहिनी दोघंही जपून बोलली. बाईंनी ठरवलं होतं की आपण होऊन तोंड उघडायचं नाही. विचारलं तर हो किंवा नाही. वहिनीला वाटलं वन्संना बरं नाही; तिने औषध विचारलं, अंथरूण बदललं. चौथ्या दिवशी भाऊ स्वयंपाकघरात काही बोलता बोलता घसरला आणि लगेच सावरला. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, ऐकलंच नाही असं दाखवून. सहाव्या दिवशी वहिनी शेजारणीशी कुंपणापाशी बोलली, पण लांबून. चाल तेवढी कळली, शब्द नाहीत. आईचा स्वच्छ आवाज इथेही होताच. आपल्या जुन्या घरात आपलं पान वाचत तो खोल्याखोल्यांतून फिरे, आणि कुणाच्याच बोलण्याशी जुळत नसे.

नवव्या दिवशी दुपारी बाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. त्यांना झोप लागली असं समजून बाहेर नवराबायकोचं जुंपलं. भाऊ चिखलाचे बूट घेऊन थेट आत आला होता. वहिनीने आधी दोन वाक्यं दबक्या आवाजात टाकली, मग तिचा धीर सुटला. ती याच आळीत, आईचं बोलणं ऐकत वाढलेली. नकारावर नकार रचत ती नवऱ्याला सांगत गेली, की या घरात कधी कुणी कुणाचं काही ऐकत नाही, ऐकलेलं नाही, आणि मधूनच 'वी वॉज' आलं, आणि पुढच्याच वाक्यात आलं नाही, आणि मग पुन्हा आलं. कुठे येतं, कुठे येत नाही, याला काही हिशेब नव्हता. कुणी पान सुधारून दिलं असतं तर त्यातलं काहीही उरलं नसतं.

त्याच वेळी कानाशी आई चारशे पावलांचं सांगत होती, स्वच्छ, सावकाश, वेअरच्या जागी वेअर. भिंतीपलीकडून हे आणि अलीकडून ते. दोन्ही आवाज एकाच वेळी चालले होते. बाईंनी यापूर्वी दोन्ही एकत्र कधी ऐकले नव्हते. मधली जागा केवढी मोठी आहे ते त्यांना पहिल्यांदा दिसलं.

अलीकडचा, आईचा आवाज एका वाक्याच्या मध्यावर अडखळला. पुढचा शब्द आला नाही. बाई श्वास रोखून पडून राहिल्या.

बाहेर वहिनी थांबायला तयार नव्हती. भाऊ म्हणाला, "हळू, ताई झोपलीय." त्याने तेही गावच्या रीतीने म्हटलं. बाईंनी डोळे उघडले नाहीत, कूस बदलली नाही. त्या झोपलेल्याच राहिल्या, म्हणजे दोघांना आणखी भांडता येईल.